बारवेपाशी अडलेली मोहीम

श्रावणातल्या उन्हाला मी आजवर कधी चांगलं म्हटलेलं नाही. ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. परभणीत श्रावण म्हणजे दुपारी पाऊस उघडतो, काळ्या मातीतून वाफ उठते, पाठीला पोलकं चिकटतं आणि नालीच्या कडेला माजलेल्या तरोट्याचा हिरवट उग्र वास घशापर्यंत येतो. तो वास आला की मी उठून घराचं पुढचं दार उघडून ठेवते. डास येतात म्हणून घरातले ओरडतात. येऊ देत. श्रावणात बंद दाराआड बसणं मला जमत नाही, आणि का जमत नाही ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा सांगावं लागलं ते मैत्रीमुळं. मैत्री ही माझ्या थोरल्या भावाची, गौतमदादाची नात. इथं कॉलेजात शिकते, माझ्याकडंच राहते आणि मला आत्याआजी म्हणते. शनिवारी तिची मित्रमंडळी येतात आणि जेवणाचं टेबल अडवून बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी. फासे तरी कसले, एकेकाला वीस तोंडं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातला झारा तसाच धरून उभी राहिले. म्हटलं, अगं, हे तर तुझे आजोबा खेळायचे. तिला आधी ते खरं वाटेना, आणि खरं वाटल्यावर ती हात धुऊन माझ्या मागं लागली. दादा तर आता नाही, मग ती मोहीम तुलाच सांगावी लागेल, म्हणाली. आमच्या ग्रुपसाठी मी ती जरा बदलून घेईन, सगळे तसंच करतात, जुनी मोहीम घ्यायची आणि नव्या गड्यांना बेतेल अशी करायची.

नव्या गड्यांना बेतेल अशी. किती सहज म्हणाली. मी बघू म्हणाले आणि भाजी परतायला निघून गेले.

दादानं ती मोहीम काविळीत रचली. आम्ही तेव्हा परभणी स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पॉइंट्समन होते. काविळीमुळं दादाला महिनाभर खाटेवरून उतरायची बंदी झाली आणि अंगात तर किडे. मग त्यानं खाटेखालची फरशी हीच आपली पृथ्वी केली. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते, कोळशाला तोटा नव्हता. मी फरशीवर कोळशानं रेघा ओढायची आणि तो वरून सांगायचा. इथं नदी, इथं काटवन, इथं शत्रूनं जाळलेलं गाव, इथं बारव, आणि खाटेच्या पायाशी किल्ला. बारव त्यानं शाळेच्या सहलीत पाहिली होती. आमच्या जिल्ह्यात जुन्या बारवा जागोजाग आहेत. चारी बाजूंनी पायऱ्या, तळाशी पाणी, भिंतीत देवळ्या. ती ओसाड होती, आडरानात होती. पोरं तिच्यात उतरली, पाण्यात पाय सोडून बसली. दादा त्या बारवेच्या प्रेमातच पडला होता.

फाशांच्या जागी आमच्याकडं कवड्या होत्या. आमची आजी तरुणपणी देवीची आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ घालून जोगवा मागायची. पुढं धर्म बदलला, घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, पण ती माळ कुणाच्या हातून सुटली नाही. पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून राहिली. दादानं ती पेटीतून काढली, दोरा तोडला आणि कवड्या खेळायला घेतल्या. आई ओरडेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, बरं झालं, काही तरी कामाला आल्या.

खेळायला सगळं क्वार्टर यायचं. गार्डचा तेलुगू बोलणारा पोरगा घोडेस्वार व्हायचा, शेजारच्या हमीदाचाचींची मुलगी वैदू, मी जासूद. आरडाओरडा असा की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं मारामारी लागली. बारवेतून शिक्का आणायचा, शिक्का दाखवला की किल्ल्याचा दरवाजा उघडणार, ही त्या मोहिमेची कळ होती. बारवेत उतरायला आमच्यात भांडणं व्हायची. मी उतरणार, मी उतरणार. एकदा गार्डच्या पोरानं ढकललं म्हणून मी त्याला चावले होते.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला हा शब्द आता भाषणात येऊन येऊन बोथट झालाय, पण तेव्हा तो अगदी साधा होता. घरं पेटली. आमच्या लोकांची.

दादा तेव्हा औरंगाबादेला शिकत होता आणि त्याची काही खबर नव्हती. त्याची वाट पाहत असतानाच एका सकाळी आमच्या दारात मामी उभी राहिली. किसनमामाचं गाव ताडकळसच्या पलीकडं. नाव सांगत नाही; तिथं आजही माणसं राहतात, त्यातली काही चांगलीही आहेत. मामीच्या बरोबर लेकरं होती. तिची कमळ, नऊ-दहा वर्षांची. कमळच्या कडेवर धाकटा दिगू. दिगू चांगला चार वर्षांचा घोडा झाला होता, तरी ती त्याला खाली ठेवायला तयार नव्हती. आणि मामाच्या चुलतभावाचा लक्ष्मण, त्याच्या दोन लहान बहिणी. रात्रभर पिकातून, लाईनीच्या कडेकडेनं चालत एका लहान स्टेशनावर आले होते आणि तिथून गाडीनं. सगळ्यांच्या पोटऱ्या ओरखडलेल्या. कपड्यांना धुराचा वास.

आईनं पहिलं विचारलं ते तिच्या भावाचं. मामी म्हणाली, "म्हनले, तुमी व्हा म्होरं, मी गाय सोडून येतो. दावणीला बांदलेली व्हती ना. जळून मरंल म्हनले."

एवढं बोलून ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. पुढं कित्येक दिवस ती तशीच होती.

गावात, म्हणजे परभणीत, रोज नवी अफवा यायची. आज क्वार्टरावर येणार, उद्या येणार. अण्णांनी एक युक्ती काढली. ड्युटीवर जाताना ते घराला बाहेरून कुलूप लावायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं घरात कुणी नाही. चावी हमीदाचाचींकडं. आईसुद्धा सकाळी बाहेर पडायची. दवाखान्यात, स्टेशनावर, एसटी स्टँडवर, कुणी खेड्यावरून आलं असेल तर भावाची खबर विचारायला. आत उरायचो मामी, लेकरं आणि मी. मी सोळा वर्षांची. आईनं जाताना एकच गोष्ट सांगितली होती, की आवाज झाला नाही पाहिजे.

तुम्ही कधी पाच लेकरं एका खोलीत गप्प ठेवून पाहिली आहेत का? तीही जळत्या घरातून निघालेली? इंजिनाची शिट्टी झाली की दिगू किंचाळायचा, आणि स्टेशनाजवळ शिट्ट्यांना काय तोटा. मी त्याचं तोंड दाबायची. तो माझा हात चावायचा. लक्ष्मणच्या बहिणी रडायच्या त्या थांबायच्याच नाहीत, मुसमुस मुसमुस, जणू भिंतीत पाणी मुरतंय. कमळ रडत नव्हती. ती काही बोलतही नव्हती. खिडक्या बंद, दार बंद, श्रावणाचा उकाडा, आणि फटीतून येणारा तो तरोट्याचा वास. मला वाटायचं, आज मीच किंचाळणार. सगळ्यात मोठ्यानं. मग जे व्हायचं ते होऊ दे एकदाचं.

त्याऐवजी मी चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर एक नदी काढली.

मैत्रीला हे सांगताना ती वहीत टिपून घ्यायला लागली तेव्हा मी तिचा पेन काढून घेतला. म्हटलं, ऐक नुसतं. तिनं विचारलं, तू दादाआजोबांची मोहीम आहे तशीच घेतलीस का? नाही बाई. आहे तशी कशी घेणार. दादाची मोहीम ओरडून खेळायची होती. मी ती कुजबुजीची केली. या डोंगरात राक्षस झोपलाय, त्याला जागं करायचं नाही, म्हणून सगळ्यांनी ओठ हलवून बोलायचं. कवड्या फरशीवर वाजतात म्हणून त्या गोधडीच्या घडीवर टाकायच्या. शत्रूनं जाळलेलं गाव मी पहिल्याच दिवशी हातानं पुसून टाकलं. तिथं चिंचेचं बन काढलं, आणि बनाच्या कडेला एक नांदतं गाव. एवढा बदल पुरे होईल असं मला वाटलं होतं.

पोरं हळूहळू जवळ आली. आधी लक्ष्मण. त्याला मी घोडेस्वार केलं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, घोडा म्हटल्यावर त्याचे डोळे जरा हलले. दादाच्या मोहिमेत घोडेस्वार नदी ओलांडून गावातून दौडत जायचा. लक्ष्मणनं कवड्या टाकल्या, नदी पार केली, आणि कोळशाच्या गावाशी येऊन थांबला. मी म्हटलं, दौड की. तो कुजबुजला, "गाव आलं. उतरून चालतो."

मी म्हटलं, कशाला उतरतोस, तुझाच घोडा आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू म्हणतोय, ही शहरातली पोरगी अगदीच खुळी दिसते. लगाम धरल्यासारखी मूठ करून त्यानं घोडा गावातून चालत नेला आणि वेशीबाहेर गेल्यावर परत वर चढला. त्याच्या बहिणींनाही यात काही नवल वाटलं नाही. मग मी तसाच नियम करून टाकला, गावात घोड्यावरून उतरायचं. मोहीम चालू राहणं महत्त्वाचं होतं. मोहीम थांबली की रडणं सुरू होत होतं.

दुपारी हमीदाचाची यायच्या. कुलपाचा आवाज आला की पोरं गोधडीखाली शिरायची, आणि मग त्यांचा दबका आवाज, "मैं हूं, डरो नक्को." पदराखाली भाकरी, कधी खट्टी दाल. फरशीवरचा पसारा पाहून त्या म्हणाल्या, खेलो, खेलो, आणि परत कुलूप घालून निघून गेल्या. त्यांना स्वतःलाही आम्हांला भाकरी दिल्याबद्दल कुणीतरी बोलून गेलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आणि मग आम्ही बारवेला आलो.

मी ती बारव जीव तोडून सांगितली. दादानं सांगितली होती त्याहून सुंदर. थंड दगड, कमानीत पारवे, तळाशी हिरवं गार पाणी. चालून चालून तुमचे घसे कोरडे पडलेत म्हटलं, उतरा, पाणी प्या, आणि देवळीतला शिक्का घ्या. मला वाटलं, आता भांडणार, मी आधी, मी आधी. एकही पोर हललं नाही. कोळशाच्या रेघेच्या अलीकडं सगळी बसली. लक्ष्मणची धाकटी बहीण तर रेघेवर पाय पडू नये म्हणून मांडी आवळून बसली. मला कळेना. मी परत सांगितलं, पाणी आहे, उतरा. मग लक्ष्मणनं विचारलं, "वाडनारं कोन हाय?"

काय?

"पानी. वरून वाडनारं. आमाला आत उतरू देत न्हाईत."

क्वार्टरात सगळ्यांना एकच नळ होता. नंबरावरून भांडणं व्हायची, घागरी आपटायच्या, पण नळ सगळ्यांचा. मामाच्या गावी मी सुट्टीत गेले होते, पण लहान असताना. पाणी आईच आणायची आणि कुठून, कसं, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला राग आला. त्या गावाचा आलाच, पण खरं सांगते, त्या लेकरांचाही आला. मी म्हटलं, अरे हा खेळ आहे, ही बारव मी काढलीय, कोळशानं, माझ्या हातानं. इथं कोण अडवणार आहे तुम्हांला? ही आपली बारव आहे. ती ऐकून घेत होती. कुणी वाद घातला नाही. फक्त उतरली नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगीच कोळशानं पायऱ्या गिरवत बसले.

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. तोंड न वळवताच.

"पोरी, त्यात येक वाडनारी बाई घाल. तान्हेली ऱ्हायलेत लेकरं."

मी घातली. काय करणार. बारवेच्या काठावर एक बाई आली, तिच्या हातात बादली होती. आणि लगेच सगळ्यांनी ओंजळी केल्या. अगदी दिगूनंसुद्धा, कमळच्या कडेवरूनच. मान खाली, कोपर वर, बोटं घट्ट. सराईत हात होते ते. मी हवेतून पाणी वाढत होते आणि ती पीत होती. कुणाच्या ओंजळीतून थेंब सांडला नाही.

मैत्री इथं उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, माझ्या ग्रुपमधले सगळे धडाधड उतरतील गं, आत्याआजी. मी म्हटलं, उतरू दे की. त्यासाठीच तर. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही, आणि मला तरी कुठं पटलं होतं.

पाणी पिऊन झालं तरी शिक्का खालीच होता. लक्ष्मणनं वाढणाऱ्या बाईला अदबीनं विचारून पाहिलं, तेवढा शिक्का आणून देता का बाई. बाई माझ्या तोंडून बोलणार होती, मी हो म्हटलं असतं तर झालं असतं. पण मला ते म्हणवेना. मी म्हटलं, बाई नाही म्हणते. ज्याला हवा त्यानं आणावा. त्या दिवशी मोहीम तिथंच राहिली. आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच. पोरं काठावर बसायची, गप्पा मारायची, ओंजळीनं पाणी प्यायची. आईची रोजची पायपीट चालू होती. संध्याकाळी ती यायची, मामीकडं बघून मान हलवायची. किसनमामाला पाहिलेलं कुणी भेटत नव्हतं.

मग एका दुपारी कमळ बोलली. आवाज बसलेला, वापरात नसलेला.

"अक्का, त्यो शिक्का दावला की कुटलं बी दार उगडतं?"

मी म्हटलं, कुठलंही.

"मागारी बी जाता येतं? गावात?"

येतं, म्हटलं.

"मंग बाला घिऊन येता येतं."

मी हो म्हणाले. तिच्या त्या तोंडाकडं पाहून कुणीही हो म्हणालं असतं. लक्ष्मण मात्र घाबरला. त्यानं तिचा दंड धरला आणि म्हणाला, "कमळे, उतरू नगंस. उतरलीस तर जाळतेत."

कमळनं त्याच्याकडं पाहिलं. "जाळलंय की समदं," ती म्हणाली. "आता काय जाळतेत?"

आणि तिनं दिगूला कडेवरून खाली ठेवलं. माझ्या मांडीवर आणून बसवलं. तिची कंबर एका बाजूला वाकलेलीच राहिली होती, ती तिनं हातानं दाबून सरळ केली आणि कवड्या घेतल्या.

एकेक पायरी ती कवड्या टाकून उतरली. मी सांगत होते, शेवाळ आहे, पाय सरकतोय, भिंत धर. ती खरोखर भिंतीला हात लावायची. लक्ष्मण रेघेशी ओणवा होऊन बघत होता. उताण्या कवड्या कमी पडल्या की ती पायरीवर थांबायची आणि पुन्हा टाकायची. आपण किती खाली आलो ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी एखादी पायरी चुकीची सांगितली असती तर तिनं मला दुरुस्त केलं असतं. शेवटी पाणी आलं. तिनं विचारलं, पानी कसं हाय? मी म्हटलं, गार. मग तिनं वाकून स्वतःच्या ओंजळीत पाणी घेतलं. खालून. आणि प्यायली. मामी कुशीवर वळून बघत होती. तिचा चेहरा मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिला.

त्याच वेळी कुलूप वाजलं.

चाचींचा आवाज आला नाही. अण्णा आले होते, ड्युटी अर्धवट टाकून, आणि त्यांच्या मागं आई. दार लावून घेतलं. अण्णा मामीजवळ बसले, आणि त्यांनी आवाज खाली ठेवून सांगितलं. लाईनीवरच्या एका माणसानं पाहिलं होतं. किसनमामा बांधावर सापडला. हातात दावं होतं. गाय नव्हती.

आमच्याकडं माणूस गेलं की बायका रडतात ते मोकळ्या गळ्यानं, नाव घेऊन, त्याचं सगळं सांगत. गेलेल्याचा तो मान असतो. मामीनं तोंड उघडलं आणि अण्णांनी दाराकडं बोट केलं. बिचारे, दुसरं काय करणार होते. मामीनं गोधडीचा कोपरा तोंडात कोंबला. आईनं पदर. दोघी एकमेकींना धरून हलत होत्या, आणि आवाज म्हणून नव्हता. मी पुढं आयुष्यात पुष्कळ रडणी ऐकली. ते न ऐकलेलं रडणं मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि त्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. जाऊही नये.

कमळ जागची हलली नव्हती. तिची पाठ आमच्याकडं होती. तिनं ऐकलं होतं की नव्हतं, मला समजेना. हातात कवड्या तशाच होत्या.

"अक्का," ती कुजबुजली, "घावला का शिक्का?"

मी आईकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. मी म्हटलं, घावला.

"मंग चल, बाला आनू."

मामीनं तोंडातली गोधडी काढली. तिचा आवाज फाटका, पण बारीक होता. "कमळे," ती म्हणाली, "बा न्हाई ऱ्हायला माय."

कमळनं कोळशाच्या पायऱ्या पाहिल्या. खालून वर, वरून खाली. मग पाय पोटाशी घेतले आणि तिथंच, काळ्या चौकोनात, बसून राहिली.

"मंग मी वर येत न्हाई," ती म्हणाली.

तिनं ते खरं केलं. आईनं उचलायचा प्रयत्न केला तर अंग दगडासारखं. अण्णांनी हाक मारली. लक्ष्मणनं काठावरून दोर सोडला, खेळातला. तिनं धरला नाही. दिगू रडत तिच्याकडं रांगत गेला तर त्यालाही तिनं हातानं मागं सारलं, तू वर ऱ्हा म्हणाली. चाचींनी भाकरी आणली, ती तिच्याजवळ ठेवली, तिनं पाहिलं नाही. मी सांगत राहिले. मला दुसरं येतच काय होतं. कमळ, पाऊस येतोय, पाणी चढतंय. ती म्हणाली, चढू दे. कमळ, पारवे उडाले, अंधार पडतोय. पडू दे. कमळ, वाढणारी बाई विचारतीय. तिला म्हन जा घरी.

तिला वर आणेल असं काहीही माझ्याजवळ नव्हतं. दादाच्या मोहिमेत नव्हतं, मी केलेल्या बदलांत नव्हतं. त्या खेळात प्रत्येकाला कुणीतरी होता येतं, एक सांगणारा सोडून. सांगणाऱ्याला घोडा नसतो, पाय नसतात, त्याला तहान लागत नाही. तो कधी आत जात नाही. गेला तर पुढचं सांगणार कोण?

मी तिच्या मुठीतल्या कवड्या मागितल्या. तिनं दिल्या नाहीत. मग मी न टाकताच पहिली पायरी उतरले. दगड थंड आहे, मी म्हटलं, आणि पुढची उतरले. मला शेवाळ लागलं, मी भिंत धरली. शेवटी शेवटी मी सांगायचंही सोडून दिलं, नुसती उतरत गेले. कोळशाच्या त्या चौकोनात जेमतेम एक माणूस मावत होतं.

कमळनं माझ्याकडं पाहिलं नाही. पण ती जराशी सरकली आणि तिनं मला जागा करून दिली.